आधी कोणती पुरवणी?

दिवाळी अंक घरात आला की तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओळीने वाचणारा मनुष्य मी अजून पाहिलेला नाही. आजोबा आधी वार्षिक भविष्य उघडतात. मुले व्यंगचित्रांकडे धावतात. कोणी अनुक्रमणिकेवर बोट ठेवून कथा कोणाकोणाच्या आहेत ते पाहून ठेवतो आणि दुपारच्या निवांत वेळेसाठी त्यांतली एक राखून ठेवतो. संपादकाने मोठ्या विचाराने लावलेला क्रम कोणीच पाळत नाही आणि त्याची कोणाला खंतही वाटत नाही. कारण उघड आहे. अंक सबंध आपल्या हातात असतो. आज राहिले ते उद्या वाचता येते. पण समजा, विक्रेत्याने सांगितले असते की, 'मूळ अंक हा घ्या. कथांची पुरवणी निराळी, प्रवासवर्णनांची निराळी, व्यंगचित्रांची निराळी, आणि पैसे प्रत्येकीचे निराळे,' तर? तर मग ऐन दिवाळीत घराघरांतून चांगलेच महाभारत झाले असते.

असे एक महाभारत मी यंदा दसऱ्याच्या सुट्टीत पाहिले. ते घडले कुरकुंभला, माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी, आणि विषय होता कॉम्प्युटरवरच्या एका खेळाचा.

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागले आणि पाटस मागे टाकले की कुरकुंभ येते. फिरंगाईचे देऊळ हे तिथले जुने ठिकाण. रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत हे नवे. आमचे दाजी त्यांतल्याच एका कारखान्यात पाळीने काम करतात. त्यामुळे त्या घरात दिवस कधी उगवेल आणि रात्र कधी होईल ते सूर्यावर नव्हे, पाळीच्या तक्त्यावर अवलंबून असते. रात्रपाळी असली की दुपारभर घरात सगळे हलक्या आवाजात बोलतात. अशा घरात वाढलेल्या मुलाला कानाला यंत्र लावून मुकाट्याने खेळण्याचा छंद लागला, यात नवल ते काय?

भाचा अकरावीत आहे. अभ्यासासाठी म्हणून कॉम्प्युटर घरात आला, आणि अभ्यासाच्या मागोमाग, दार उघडे पाहून मांजर शिरावे तसा, हा खेळही आला. त्याचे नाव 'एज ऑफ एम्पायर्स', म्हणजे साम्राज्यांचे युग. त्यातही दुसरा भाग. तो प्रथम निघाला १९९९ साली, अमेरिकेत. आज चाळिशीत असलेल्या पुष्कळांनी तो त्या काळी इंटरनेट कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळलेला असेल. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

सुरुवातीला तुमच्याजवळ असतात तीन गावकरी, एक टेहळणीचा घोडेस्वार आणि थोडी शिधासामग्री. गावकऱ्यांना कामाला लावून अन्न, लाकूड, सोने आणि दगड या चार गोष्टी जमवायच्या. नवा गावकरी हवा तर अन्न ५० खर्च. घर बांधले की पाच माणसांची सोय. सहाव्यासाठी दुसरे घर. अंधारयुगातून सरंजामी युगात जायला अन्न ५०० लागते; तिथून किल्ल्यांच्या युगात जायला अन्न ८०० आणि सोने २००; आणि शेवटच्या साम्राज्ययुगाला अन्न १००० आणि सोने ८००. मग सैन्य, तटबंदी, स्वारी वगैरे. तलवारीला हात घालण्याआधी कोठार भरावे लागते, हे या खेळाचे मर्म. भाच्याने हे सगळे मला दाखवले तेव्हा माझी बहीण दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, 'म्हणजे महिन्याचा हिशेबच की रे, दादा! मला वाटलं होतं नुसती मारामारी असेल.' आणि थोड्या वेळाने, 'पण यात पाणी कुठंय? अन्न आहे, लाकूड आहे, पाण्याचं नावच नाही. पाण्यावाचून कसलं राज्य?' दौंड तालुक्यात संसार केलेल्या बाईने काढलेला हा दोष खेळ करणाऱ्यांपर्यंत पोचला पाहिजे असे मला मनापासून वाटले.

आता पुरवणीचा प्रश्न. खेळ लोकप्रिय झाला की करणारे त्याला नवी राज्ये, नव्या मोहिमा, नवे सैनिक जोडून जोडपुस्तके काढतात. मुले त्याला 'एक्स्पान्शन' म्हणतात; आपण पुरवणी म्हणू. मूळ खेळाशिवाय ती चालत नाही. हा प्रकार मुळीच नवा नाही. बुद्धिबळाचेच पाहा ना! पट चौसष्ट घरांचा, सोंगट्या त्याच. पण आपला वजीर एके काळी तिरप्या रेषेत एकच घर सरकणारा बापडा होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला सगळ्या दिशांनी लांबवर धावण्याचे बळ मिळाले आणि जुना संथ खेळ एकदम चपळ झाला. आपल्याकडच्या देशी बुद्धिबळात मात्र प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जायचे, आणि राजाला शह लागलेला नसेल तर एकदा घोड्याची चाल खेळता यायची. खेळ तोच, नियमांच्या पुरवण्या निराळ्या. फरक इतकाच की, त्या पुरवण्यांना दोनतीनशे वर्षे लागत, आणि हल्लीच्या पुरवण्या वर्षाला एक, क्वचित दोनही निघतात.

या खेळाची पहिली पुरवणी २००० साली आली. नंतर तेरा वर्षे काही नाही. मधल्या काळात मूळ खेळ करणारी मंडळी पांगली. त्यांची कंपनीही २००९ मध्ये बंद झाली. तेव्हा काही खेळवेड्यांनी आपल्या हौसेने नवी राज्ये तयार करून त्यात घातली. पोथ्यांच्या भाषेत बोलायचे तर हे क्षेपक. आपल्या नाथांनी ज्ञानेश्वरीतले अशुद्ध पाठ निवडून १५८४ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. इथे उलट झाले. खेळाच्या मालकांनी ते क्षेपकच उचलून अधिकृत केले. 'द फरगॉटन' या नावाने ते २०१३ साली पुरवणी म्हणून बाहेर पडले, आणि त्या हौशी मंडळींचीच पुढे कंपनी झाली. २०१५ मध्ये आफ्रिकेतल्या राज्यांची पुरवणी आली. २०१६ मध्ये 'राइज ऑफ द राजाज'. २०१९ मध्ये सबंध खेळ नव्या रूपात निघाला तेव्हा या जुन्या चारही पुरवण्या त्यात समाविष्ट झाल्या, आणि वर आणखी एक भर पडली. ही २०१९ ची आवृत्ती भाच्याजवळ होती. प्रश्न होता त्यानंतरच्या, वेगळे पैसे देऊन घ्यायच्या पुरवण्यांचा. यादीतून गाळून गाळून त्याने चार ठेवल्या होत्या: २०२१ च्या दोन, म्हणजे 'लॉर्ड्स ऑफ द वेस्ट' आणि 'डॉन ऑफ द ड्यूक्स', २०२२ ची 'डायनेस्टीज ऑफ इंडिया', आणि २०२३ ची 'माउंटन रॉयल्स'. घरातून मंजुरी होती एकीला. दिवाळीची भेट म्हणून.

घरात मते तीन होती. भाच्याच्या मित्राचे म्हणणे, ज्या क्रमाने निघाल्या त्या क्रमाने घ्याव्यात, एकाखाली एक. दाजींचे म्हणणे, दुकानात सवलत ज्या पुरवणीवर जास्त ती घ्यावी. हे ते अंथरुणातूनच बोलले आणि पुन्हा कूस बदलून झोपले. आणि भाच्याचे स्वतःचे म्हणणे, 'मामा, भारताचीच घ्यायची. ती आपली आहे.' माझी बहीण म्हणाली, 'दादा, तू कॉलेजात शिकवतोस, तूच सांग काय ते.' मराठीच्या प्राध्यापकाला कोणत्याही विषयावर मत विचारावे अशी आपल्या समाजात एक थोर परंपरा आहे, आणि ती मोडण्याचे पाप मी कधी केलेले नाही.

मित्राचा क्रम आधी घेऊ. निघाल्याच्या क्रमाने जाणे म्हणजे शिस्त, असे वरवर वाटते. पण तो क्रम करणाऱ्यांच्या सोयीचा असतो, खेळणाऱ्याच्या नव्हे. आम्ही एम. ए.च्या वर्गात मराठी वाङ्मय कालक्रमाने शिकवू लागलो की पहिल्या महिन्यातच मागच्या बाकांवर पेंग येऊ लागते. कालक्रम खोटा नसतो. पण ज्याला अजून गोडी लागलेली नाही त्याच्यासाठी तो नसतो. ज्ञानेश्वरीची ओळख करून देताना कित्येक शिक्षक बाराव्या अध्यायापासून सुरुवात करतात, ती काय उगीच? खेळ करणाऱ्यांनाही हे कळते. १९९९ च्या मूळ खेळात त्यांनी स्कॉटलंडच्या विल्यम वॉलेसची मोहीम शिकाऊ खेळाडूसाठी मुद्दाम ठेवली होती: आज चालायला शिका, उद्या धान्य जमवायला, परवा तट बांधायला. इतिहासात वॉलेस काही पहिला नव्हे. शिकणाऱ्याला सोपा म्हणून पहिला.

दाजींचे सवलतीचे मत हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पाळीवर घाम गाळणाऱ्याला रुपयाची किंमत बोलायचा अधिकार आहे. शिवाय त्यात एक व्यवहाराचा मुद्दा दडलेला आहे. या दुकानांत वर्षातून अनेकदा सवलती लागतात. तेव्हा निघाली त्याच दिवशी घेतली नाही म्हणून पुरवणी कुठे पळून जात नाही. पुरवणी न घेणाऱ्यालाही खेळातल्या दुरुस्त्या फुकट मिळतात, आणि इंटरनेटवरच्या सामन्यात समोरचा खेळाडू त्याच्याजवळच्या नव्या राज्यानिशी तुमच्याविरुद्ध उतरू शकतो. तेव्हा 'माझ्याजवळ नाही म्हणून मला कोणी खेळायलाच घेणार नाही' ही मुलांची नेहमीची तक्रार इथे लागू पडत नाही. पण स्वस्त म्हणून घेतलेल्या वस्तूने कपाट भरते आणि मन रिकामे राहते, हे दिवाळीच्या खरेदीतून परतणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

राहिले भाच्याचे मत. 'आपली' म्हणून. इथे मात्र मी त्याला थोडे थांबवले. नुसत्या नावावर जाशील तर फसशील, म्हटले. २०१६ च्या त्या पुरवणीचे नावच बघ. 'राजा' शब्द पाहून आपल्याकडच्या कोणाही मुलाला वाटेल की यात आपले राजे असणार. पण त्यात आहेत ब्रह्मी, ख्मेर, मलय आणि व्हिएतनामी! राजा हा शब्द समुद्र ओलांडून किती दूर गेला होता ते त्यातून कळते खरे, पण महाराजांच्या शोधात निघालेल्या मुलाच्या हाती तिथे काही लागत नाही.

'पण मामा, शिवाजी महाराज यात कुठेच कसे नाहीत?' त्याने विचारले. उत्तर सोपे होते. या खेळाचा पट रोमच्या पडझडीच्या सुमारास उघडतो आणि सोळाव्या शतकाअखेर मिटतो. महाराजांचा जन्म १६३० चा. मराठ्यांचे राज्य घेऊन खेळायचे तर दुसरा खेळ आहे, 'एम्पायर : टोटल वॉर' नावाचा, २००९ सालचा. त्याचा काळ अठरावे शतक, आणि त्यात मराठा राज्यसंघ मूळ खेळातच आहे. त्याला जी पुढे पुरवणी निघाली ती अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर. म्हणजे तिथे मराठ्यांसाठी पुरवणीचा खर्चही नाही. हे ऐकून दाजींनी झोपेतच समाधानाचा हुंकार दिला.

मग 'डायनेस्टीज ऑफ इंडिया'त आहे तरी काय? २०१३ च्या पुरवणीत सबंध हिंदुस्थानसाठी 'इंडियन्स' नावाचे एकच राज्य होते. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळे एका टोपलीत! नऊ वर्षांनी, २०२२ मध्ये, करणाऱ्यांनी ती टोपली उपडी केली आणि चार वाटे केले: हिंदुस्थानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड. मोहिमा तीन: बाबर, चोळ राजा राजेंद्र आणि पाल राजा देवपाल. द्रविडांचा सैनिक उरुमी नावाची पट्ट्यासारखी लवचिक तलवार फिरवतो. गुर्जरांना जनावरे कापून खाण्याऐवजी गिरणीत ठेवता येतात आणि त्यांच्यापासून थोडेथोडे अन्न मिळत राहते. गोठा सांभाळलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. पण युरोपातल्या राज्यांत जे चिलखती स्वार मुलांच्या हाताला बसलेले असतात ते इथे नाहीत. हत्ती, उंट, पायदळ यांच्यावर भिस्त. म्हणजे जुनी सवय मोडावी लागते. नवख्याने एकदम इकडे उडी घेतली तर तो चार डाव हरेल आणि खेळालाच नावे ठेवील.

आणि या चार वाट्यांत आपण कुठे? मी भाच्याला विचारले. तो यादी पुन्हा वाचू लागला. हिंदुस्थानी नव्हे, गुर्जर नव्हे, बंगाली तर नव्हेच. 'द्रविड?' त्याने साशंकपणे विचारले. मी त्याला म्हटले, आता इतिहास बघ. राजेंद्र चोळाचे वैर कोणाशी होते? कल्याणीच्या चालुक्यांशी. अकराव्या शतकात या भीमाकाठावर सत्ता कोणाची होती? चालुक्यांची. देवपालाच्या काळी, म्हणजे नवव्या शतकात, कनौजसाठी तीन सत्तांची ओढाताण चालू होती: बंगालचे पाल, गुर्जर-प्रतिहार आणि तिसरे राष्ट्रकूट. वेरूळचे कैलास लेणे ज्यांच्या पहिल्या कृष्णराजाने कोरवले ते. म्हणजे ते आपल्या बाजूचे. आणि बाबर तर १५२६ मध्ये पानिपतावर लढला तो दिल्लीच्या लोदी सुलतानाशी. तेव्हा बाळ, तू जिला 'आपली' म्हणतोस त्या पुरवणीत तू ज्या ज्या राजाच्या बाजूने खेळशील, त्याच्या लेखी आपला मुलूख परकाच आहे. कुरकुंभचा मुलगा तंजावरच्या सिंहासनावर बसून कुरकुंभवर स्वारीचा बेत करणार!

मला वाटले, हे ऐकून तो हिरमुसेल आणि म्हणेल की मग दुसरीच घेऊ. दुसऱ्यांतही मौज कमी नव्हती. 'डॉन ऑफ द ड्यूक्स'मध्ये बोहेमियाचा जान झिश्का आहे. हा एका डोळ्याने आंधळा आणि पुढे दोन्ही डोळ्यांनी गेलेला सेनापती, ज्याने शेतकऱ्यांच्या साध्या गाड्या एकमेकींना जखडून त्यांचा चालता कोट केला आणि बड्या बड्या सरदारांना त्यावर आपटून परत पाठवले. आमच्या बैलगाडीच्या देशातल्या मुलाला तो चालुक्यांइतकाच जवळचा वाटायला हरकत नव्हती. 'माउंटन रॉयल्स'मध्ये जॉर्जियाची राणी तामार आहे. आणि शिकायला सोपे असा निकष लावला तर 'लॉर्ड्स ऑफ द वेस्ट' पुढे जाते, कारण तिच्यातली राज्ये मूळ खेळातल्या ओळखीच्या चालीने चालतात.

दोन-चार पुरवण्या हळूहळू घ्यायच्या असतील तर मी क्रम असाच सांगेन, आणि ज्यांच्या घरी हा प्रश्न असेल त्यांनी तो खुशाल टिपून ठेवावा. आधी मूळ खेळात जे आहे ते खेळून संपवावे. २०१९ च्या आवृत्तीतच इतक्या मोहिमा आहेत की कित्येकांचे वर्ष त्यात जाईल. मग अशी पुरवणी घ्यावी की जिच्यात गोष्ट नवी आहे पण हात जुनाच चालतो. आणि सवयी मोडणारी पुरवणी तिसरी. पुरणपोळीच्या आधी पोळी लाटता यावी लागते.

पण भाच्याच्या बाबतीत एक अडचण होती, आणि ती माझ्या बहिणीने बोलून दाखवली. 'दादा, पहिली-दुसरी-तिसरी कसली करतोस? पुढच्या वर्षी याची बारावी. जूनपासून हे सगळं बंद, तसं ठरलंय आमचं. बारावीनंतर हा कुठं जाईल, पुण्याला की आणखी लांब, कोणी सांगावं? आता घेतो तीच.' ती सहज बोलली, पण खोलीत क्षणभर कोणी काही बोलले नाही. 'आधी कोणती' हा प्रश्न आम्ही तासभर चघळत होतो. खरा प्रश्न 'एकच कोणती' हा होता. त्या घरातल्या मुलाचे मुलगेपण संपायला अजून आठ-नऊ महिने होते, आणि त्यांतले शनिवार-रविवारचे दोन-दोन तास त्याचे. एवढ्या वेळात मावेल असे काय घ्यायचे?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे पेडगावला गेलो. 'वेड पांघरून पेडगावला जाणे' ही म्हण आपण उठता-बसता वापरतो. ते हे पेडगाव, दौंडपासून जवळच, भीमेच्या पलीकडच्या काठावर, श्रीगोंदे तालुक्यात. इथे औरंगजेबाचा सरदार बहादूरखान याचा तळ होता आणि त्याच्या नावाचा बहादूरगड आहे. गडाच्या आत त्याच्याहून कित्येक शतके जुनी, नक्षीदार दगडी देवळे आहेत. आणि नदीकाठी आहे ती हत्तीमोट. भीमेचे पाणी वर गडात चढवण्याची सोय. तिचे दगडी अवशेष पाहून भाचा म्हणाला, 'मामा, हे आईला दाखवायला पाहिजे. यांनी पाण्याचा विचार केला होता.'

तिथे बसून मी त्याला बहादूरखानाची फजिती सांगितली. १६७४ साली, राज्याभिषेक होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा, मराठ्यांच्या एका लहान तुकडीने पुढे येऊन तळाला हूल दिली. खान सगळे सैन्य घेऊन तिच्या पाठलागावर निघाला. ती पळते आहे, हा धावतो आहे; आणि रिकाम्या तळावर मराठ्यांच्या मोठ्या तुकडीने येऊन खजिना आणि घोडे उचलून नेले, असे सांगतात. भाचा खुशीत आला. हा डाव त्याच्या ओळखीचा होता. 'हे आम्ही पण करतो! दोन घोडेस्वार समोर पाठवायचे आणि मागून गावकऱ्यांवर जायचं.'

मग मी त्याला दुसरी गोष्ट सांगितली, जी त्याला पुस्तकातून ठाऊक होती पण ती याच जागेची आहे हे ठाऊक नव्हते. १६८९ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराजांना कैद करून औरंगजेबापुढे आणले ते इथेच. पुढे मार्चमध्ये त्यांचा शेवट झाला. भाचा बराच वेळ नदीकडे बघत बसला. मग हळूच म्हणाला, 'मामा, खेळात असतं तर इथं आधी सेव्ह करून ठेवता आलं असतं.'

मी काही बोललो नाही. डाव बिघडला की जपून ठेवलेल्या जागेपासून पुन्हा सुरू करायचा, ही या खेळातली सर्वांत मोठी चैन. इतिहासात ती कोणाला मिळालेली नाही, हे त्या मुलाला हत्तीमोटेच्या दगडावर बसून आपोआप कळले होते. त्यावर मास्तरकी करण्याची गरज नव्हती.

परत येताना त्याने निकाल सांगितला. भारताचीच पुरवणी घ्यायची. पण कारण आता निराळे होते. 'त्यांच्या बाजूनं खेळून बघतो, मामा. राजेंद्राला आपण कसे दिसत होतो ते तरी कळेल.' चार डाव हरावे लागतील, मी म्हटले. 'हरू की,' तो म्हणाला. 'पण चालुक्यांचं आणि राष्ट्रकूटांचं पुस्तक तुम्ही पाठवा. त्यांची बाजू खेळात मला कोण सांगणार?' मी होकार दिला. आठ-नऊ महिन्यांत मावणारी पुरवणी हीच, हे मलाही तेव्हा पटले. एकच घ्यायची असेल तर जी आपल्याला पडद्यापासून उठवून कुठेतरी जायला, काहीतरी वाचायला लावील ती घ्यावी. झिश्काच्या बोहेमियाला तो उद्या जाऊ शकत नाही. वेरूळला आणि पेडगावला जाऊ शकतो. खेळाने चार वाट्यांत जे बसवले नाही ते तो आपल्या गावाभोवती शोधू शकतो.

घरी आल्यावर दाजी उठून चहा पीत होते. त्यांना निकाल कळवला. त्यांनी विचारले, 'सवलत आहे का तिच्यावर?' भाचा म्हणाला, 'दिवाळीपर्यंत वाट बघू.' बाप-लेकांचे एकमत झाले.

मुलांनी असा काही हट्ट धरला की आपण वडीलमाणसे दोन टोकांपैकी एक गाठतो. एक तर 'असले खेळ नकोतच', नाही तर 'घे काय घ्यायचे ते, पण मला त्रास देऊ नको.' दोन्ही उत्तरांना अर्धे मिनिट पुरते. त्याऐवजी, 'हीच आधी का?' एवढे विचारून पाहावे. उत्तर ऐकायला तास लागेल, कदाचित दोन दिवस लागतील आणि एखाद्या गडावर जावे लागेल. पण मुलगा कशाला 'आपले' म्हणतो आणि का, हे त्यातून कळते. आणि एरवी ते विचारायला आपल्याला निमित्त सापडत नाही.

पुरवण्या निघतच राहणार. त्यांची यादी हे लिहिताना आहे त्याहून अंक तुमच्या हाती पडेपर्यंत लांबली असेल तरी आश्चर्य नको. मी चालुक्यांवरचे एक आणि राष्ट्रकूटांवरचे एक अशी दोन पुस्तके बांधून ठेवली आहेत. भाऊबीजेला कुरकुंभला जाईन तेव्हा बहिणीच्या ओवाळणीबरोबर तीही देईन.